भरमूची खुंटी

"खुंटी भोकातच होती, हे तुमीच सांगितलंसा, मालुबाई. सगळ्या गावासमोर सांगितलंसा. आता शब्द फिरवू नका," विक्रम आप्पा म्हणाले आणि त्यांनी बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक केलं.

"सांगितलं व्हय. चुकलं माझं. तेच सांगायला आलेय," मालुबाई म्हणाली. "चुकलं म्हणायला मला कुणाची परवानगी लागत न्हाय."

आप्पा ज्या पाणी संस्थेचे चेअरमन होते, तिच्या कचेरीत दुपारचे तीन वाजत आले होते. लाइट नव्हती, पंखा बंद होता. टेबलाच्या पायाला एक तांबडा कोंबडा बांधलेला होता आणि तो अधूनमधून मालुबाईच्या पिशवीतून लोंबणाऱ्या वायरीला चोच मारत होता. शेजारी पाच नारळ, गुलालाची पुडी. दिवस मावळायच्या आत हे सगळं नदीकाठच्या जॅकवेलवर, पंप बसवलेल्या खोल विहिरीवर, न्यायचं, भरमूला त्याचं द्यायचं आणि मोटर चालू-बंद करणारा, मालुबाईनं बनवलेला बोर्ड काढून वेदगंगेत सोडायचा, असं ठरून गेलं होतं. दाराशी गुंडू वायरमन उभा होता. भिंतीला पाठ लावून भरमूची बायको यशोदा खाली बसली होती, आणि सगळेजण तिच्याकडं न बघण्याचं काम मन लावून करत होते.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. पंप बघणारा भरमू गेला तो स्वतःच्याच निष्काळजीपणानं. त्याचा जीव मोटरीत गुंतलाय, म्हणून बावीस दिवस पंप चालत नाही. त्याचं त्याला दिलं की तो जाईल. कुणाला काही बोलायला नको, कुणाची चौकशी नको. इतकं गुळगुळीत म्हणणं असलं की त्याला कुणीतरी आधी हात फिरवलेला असतो, एवढं मालुबाईला एकाहत्तर वर्षांत कळलेलं होतं.

ही मालुबाई अनगोळची. शाळा सातवीपर्यंत. तीस वर्षं तिनं मोटरी भरायच्या दुकानात तांब्याच्या तारेचे वेढे मोजले, आणि मालक कारखान्याच्या माणसाशी इंग्रजीत बोलू लागला की कान देऊन ऐकलं. पन्नाशीत तिनं पहिला मायक्रोकंट्रोलर हातात घेतला. नखाएवढी काळी चिप. तिची माहिती सांगणारी चारशे पानं इंग्रजीत होती. शब्दकोश मांडीवर घेऊन तिनं ती दीड वर्षात वाचली. ज्यांनी ती शिकवायला नकार दिला होता, ते आता तिच्याकडं बोर्ड दुरुस्तीला पाठवत होते, आणि ती ते दुरुस्त करताना त्यांची नावं विसरत नसे.

तुमच्या मोबाइलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा एक कारभारी असतो. ह्याला उठव, त्याला बसव, हे सगळं तो बघतो, आणि काही बिघडलं की त्याच्या नावानं बोटं मोडता येतात. मालुबाईच्या चिपमध्ये कारभारी नव्हता. वीज आली की पहिल्या ओळीपासून चालू, शेवटची ओळ झाली की पुन्हा वर. घाण्याच्या बैलासारखी तीच वाट, सेकंदाला हजारो फेऱ्या. तिनं लिहिलेल्या अकराशे ओळी, आणि त्यांच्याबाहेर काहीही नाही. "माझ्या घरात दुसरं कुणी राहत न्हाय," ती सांगायची. "काय बिघडलं तर ते मीच बिघडवलेलं असतंय. म्हणून तर मला ते आवडतंय."

वेदगंगेच्या काठानं कोगनोळीपर्यंत अशा एकेचाळीस जॅकवेलवर तिचे बोर्ड होते. थ्री फेज लाइट कधी येईल, कधी जाईल, नेम नाही. लाइट आली की बोर्ड तीस सेकंद घंटा वाजवायचा आणि मग मोटर चालू करायचा. पण प्रत्येक बोर्डाला एक पितळी खुंटी होती. ती भोकात असली तरच मोटर सुरू होणार. खाली काम करायचं असलं की माणसानं खुंटी काढून जवळ ठेवायची. मग लाइट येवो, घंटा वाजो, मोटर हलणार नाही. एकेचाळीस माणसं त्या बोटभर पितळेवर विसंबून फिरत्या लोखंडात हात घालत होती.

भरमूनं ती खुंटी आपल्या कमरेच्या करगोट्याला बांधली होती. खिशातून पडते, खुंटाळ्यावरून कुणी उचलतं; करगोटा मात्र माणूस मरेपर्यंत सोडत नाही, असा त्याचा हिशेब. त्याची आणखी एक सवय होती. मोटर सुरू करायच्या आधी तो खुंटीनं पॅनेलच्या पत्र्याच्या दारावर तीनदा ठोकायचा. टक, टक, टक. खाली कुणी असेल तर त्यानं उठावं म्हणून. बोर्ड बसवायला मालुबाई आली होती तेव्हा तिनं ते बघितलं होतं आणि म्हणाली होती, "एकटाच असतोस की रं इथं, कुणाला उठवतोस?" त्यावर भरमू नुसता हसला होता.

तेवीस दिवसांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमाराला लाइट गेलेली असताना, भरमू पंपाचं गळकं पॅकिंग बदलायला खाली उतरला. लाइट आली. घंटा वाजली. वर म्हशी धूत असलेल्या माणसांनी ती ऐकली. भरमूनंही ऐकली असणार, पण तो उठला नाही. मग मोटर सुरू झाली, आणि त्याच्या खांद्यावरचा टॉवेल मोटर आणि पंप जोडणाऱ्या फिरत्या कपलिंगमध्ये गेला.

मालुबाई दुसऱ्या दिवशी आली होती. बोर्डात शेवटच्या दोनशे घडामोडी साठून राहतात, त्या तिनं लॅपटॉपवर काढल्या. अकरा वाजून सात मिनिटं, लाइट आली, खुंटी आत, मोटर सुरू. गाव भोवती उभं होतं. यशोदा पुढं आली होती. आंघोळ घालताना करगोटा मी माझ्या हातानं सोडलाय, खुंटी त्यालाच होती, असं तिनं सांगितलं होतं. आणि मालुबाईनं, ह्या ताठ मानेच्या बाईनं, तिला सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं, "बाई, दुःखात माणसाला कायबी दिसतंय. माझं मशीन खोटं सांगत न्हाय."

ते वाक्य तिला अनगोळपर्यंत बसमध्ये चावत आलं. आणि त्याच दिवसापासून जॅकवेलचा पंप सुरू व्हायचा थांबला.

मालुबाईनं दुसरी खुंटी पाठवली होती, ती भोकात बसवलेली होती. लाइट यायची, घंटा वाजायची, तीस सेकंद व्हायचे, आणि बोर्डावरचा तांबडा दिवा सांगायचा: खुंटी बाहेर आहे. गुंडूनं बोर्ड काढून अनगोळला पाठवला. तिथं मालुबाईच्या टेबलावर तो चार दिवस न चुकता चालला. परत बसवला, की पुन्हा तांबडा दिवा. गुंडू खाली उतरायचा बंद झाला. भरमूनं खुंटी नेली, असं गाव म्हणू लागलं.

मालुबाईला झोप लागेना, पण भुताच्या भीतीनं नव्हे. आपल्या अकराशे ओळींत कुठंतरी एक चूक आहे, तिनं एक माणूस खाल्ला, आणि बाकीच्या चाळीस जॅकवेलवर चाळीस माणसं आजही तीच खुंटी खिशात घालून खाली उतरतायत, ह्या विचारानं. म्हणून आज सकाळी पहिल्या गाडीनं ती स्वतः आली.

दहा वाजता ती जॅकवेलची अडतीस लोखंडी पावलं उतरली. गुंडू वरच थांबला. वर लख्ख ऊन होतं, पण खाली येईपर्यंत त्याची भाकरीएवढी चकती उरली होती. भिंतीपलीकडं नदी होती. तिचा आवाज येत नव्हता, नुसता दाब जाणवत होता, कुणीतरी बाहेरून भिंतीला खांदा लावून उभं राहावं तसा. ओल्या सिमेंटचा वास, ग्रीसचा वास, आणि त्यांच्या खाली चुना मळलेल्या तंबाखूचा ताजा वास. बावीस दिवसांत इथं कुणी बसलं नव्हतं.

मालुबाईनं डोक्याला बॅटरी बांधली. रिले काढून मांडीवर ठेवला, म्हणजे काही झालं तरी मोटर हलायला नको. चिपच्या आत डोकावायच्या डीबगरच्या चार वायरी लावल्या, लॅपटॉप उघडला, चिपला वीजही त्यातूनच दिली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवला. मग एकेक ओळ पुढं. खुंटीची तार चिपच्या ज्या पायाला येते त्या पायावर तिनं मीटर धरला. पाच व्होल्ट. म्हणजे खुंटी आत. चिप काय वाचते ते बघितलं.

शून्य.

तिनं चष्मा पुसला. पुन्हा एक ओळ, पुन्हा मीटर. पाच व्होल्ट. चिप म्हणते शून्य. पाच व्होल्ट असताना चिपनं शून्य वाचायचं म्हणजे भर दुपारी उभ्या माणसानं सूर्य नाही म्हणायचं. चिप जळली असेल. तिनं बंद पाकिटातली नवी चिप काढून बसवली, त्याच ओळी तिच्यात चढवल्या. शून्य. मग तिनं आपल्या अकराशे ओळी पुसून टाकल्या. काळजावर दगड ठेवून पुसल्या, आणि नुसत्या चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: पायावर व्होल्ट असले तर हिरवा दिवा लाव, नसले तर लावू नको, पुन्हा वर जा. ह्यात चूक व्हायला जागाच नाही. लहान पोराला शिकवायचा प्रोग्रॅम.

दिवा लागला नाही.

आणि त्या शांततेत, तिच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर, पॅनेलच्या पत्र्यावर आवाज झाला.

टक... टक... टक.

"रिले असंल," मालुबाई मोठ्यानं म्हणाली. मग तिला मांडीवर काहीतरी जड असल्याचं जाणवलं. तो रिले होता. पॅनेल पूर्ण रिकामं होतं. मुख्य स्विच तिनं स्वतः पाडला होता.

वरून गुंडूनं विचारलं, "आक्का... काय वाजलं?"

तंबाखूचा वास आता इतक्या जवळून येत होता, की मान वळवली असती तर... तिनं वळवली नाही. मान वळवणं म्हणजे मान्य करणं, आणि न तपासता मान्य करायची तिला सवय नव्हती.

"भरमू," ती म्हणाली, "मी शिकलेली बाई न्हाय, आन् भ्यालेलीबी न्हाय. सांगायचं असंल तर सरळ सांग. न्हायतर गप बस, मला काम करू दे."

पुन्हा आवाज झाला नाही. पण सांगायचं असेल तर सरळ सांग, हे तिचं तिलाच लागलं. ती सकाळपासून एकच प्रश्न विचारत बसली होती: खुंटी आत असताना चिप नाही का म्हणते? उलटा प्रश्न तिनं विचारलाच नव्हता. तिनं हात लांब केला आणि भोकातली खुंटी उपसून घेतली.

मीटरवर पाच व्होल्ट.

खुंटी तिच्या मुठीत होती, आणि तार सांगत होती की ती भोकात आहे. मालुबाईच्या मानेवरून गार काहीतरी सरकत गेलं. ते भरमूचं नव्हतं. ते जिवंत माणसाचं काम होतं.

मग ती केबल हातात धरून चाचपत गेली, अंधारात दोर धरून जावं तशी. खुंटीच्या भोकामागं भिंतीशी तिच्या बोटांना एक गोळा लागला. एमसील. तिनं स्क्रू ड्रायव्हरनं तो फोडला. आत दोन इंच तांब्याची तार, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जोडलेली. खुंटी असो नसो, बोर्डाला कायम वाटावं की ती आहे. तारेचे पीळ डावीकडं गेलेले होते. अख्ख्या तालुक्यात सगळे वायरमन उजवीकडं पिळतात.

का लावली असेल, हे तिला विचारावंच लागलं नाही. भरमू पाहुण्याच्या लग्नाला निपाणीला गेला, की खुंटी त्याच्या कमरेला जायची. लाइट आली तरी पंप बंद, उसाला पाणी नाही, आप्पांचा जीव वरखाली. मग एक दिवस कुणीतरी कुणालातरी सांगितलं, की एक तार मारून टाक. आणि ते भरमूला सांगायचं तेवढं राहून गेलं. तो घंटा ऐकूनही उठला नाही, कारण खुंटी त्याच्या कमरेला होती. त्यानं मालुबाईवर विश्वास ठेवला होता.

तिनं तार काढली. मीटर शून्य. खुंटी घातली. पाच व्होल्ट, आणि हिरवा दिवा. सात वेळा काढली, सात वेळा घातली, एकदाही चूक नाही. मग तिनं ते केलं जे तिनं करायला नको होतं. खुंटी बाहेर ठेवून ती तार पुन्हा दोन बोटांत धरून टोकांना टेकवली. पाच व्होल्ट. दिवा लागला नाही. तार काढली, खुंटी घातली. पाच व्होल्ट. दिवा लागला.

तारेचे पाच व्होल्ट आणि खुंटीचे पाच व्होल्ट, ह्यांत फरक नसतो. चिपला डोळे नसतात. तिच्या पायापर्यंत जे येतं तेवढंच तिला कळतं. आणि चिपमध्ये त्या वेळी चारच ओळी होत्या, त्या मालुबाईनं स्वतः लिहिल्या होत्या, आणि त्यांतली एकही ओळ खऱ्याखोट्याबद्दल नव्हती.

तिनं आपल्या अकराशे ओळी परत चढवल्या, रिले जागेवर लावला, स्विच वर केला, खुंटी आणि तार ओच्यात घातली आणि अडतीस पावलं वर आली. मागं वळून बघितलं नाही. वर येऊन ती गुंडूला एवढंच म्हणाली, "चल कचेरीत."

आता ती तार टेबलावर पडली होती, नारळांच्या शेजारी.

"कुणी लावली, कुणास ठाऊक," आप्पा म्हणाले. "उंदीरबी काय काय ओढून आणतात."

"उंदीर एमसील लावत न्हायत. आन् डावा पीळ मारत न्हायत."

गुंडूनं डावा हात पाठीमागं नेला. सगळ्यांनी तो नेलेला बघितला. तेवढ्यात भिंतीपाशी हालचाल झाली. यशोदा उठली, पदराची गाठ सोडली आणि टेबलावर एक काळपट पितळी खुंटी ठेवली. तिला अजून करगोट्याचा तांबडा तुकडा बांधलेला होता. मालुबाईनं ती उचलली. प्रत्येक खुंटीवर ती कानशीनं खुणा करायची; ह्या जॅकवेलच्या सतरा. तिनं सगळ्यांसमोर नखानं सतरा मोजल्या. मग यशोदेकडं वळली.

"तू खरं सांगत व्हतीस. मी तुला खोटं पाडलं. माझं मशीन त्याला सांगितलं तेवढंच सांगत व्हतं, मीच पुढं जाऊन बघितलं न्हाय. सगळ्यांसमोर पाडलं, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते."

यशोदा पहिल्यांदाच खाली बसली नाही, उभी राहिली.

उद्यापासून चाळीसच्या चाळीस जॅकवेलवर जाणार, प्रत्येक भोकामागचा गोळा फोडून बघणार, आणि इथली गोष्ट प्रत्येक ठिकाणी नावानिशी सांगणार, असं मालुबाईनं बजावलं. तेव्हा मात्र आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. उलट खाली आणला, आणि तोच खरा धोक्याचा होता.

"आक्का, जरा डोकं चालवा. ही तार बावीस दिवस तिथंच व्हती का न्हाय? तुमीच आज काढलीसा. मग बावीस दिवस मोटर का चालली न्हाय? तार मोटर चालू करती म्हणता, तर तार असताना मोटर गप का? म्हंजे तारंचा काय संबंध न्हाय. तार असली काय, नसली काय. बिघाड तुमच्या बोर्डातच हाय, न्हायतर मग ते भरमूचं हाय. एक कायतरी घ्या, आन् कोंबडा कापू द्या."

खरं सांगायचं तर ह्या प्रश्नाला मालुबाईकडं उत्तर नव्हतं. दुपारभर ती तेच शोधत होती, आणि रात्री अनगोळला जाऊन ती चारशे पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली, तरी ते त्यांत सापडणार नव्हतं. पण उत्तर नसलं म्हणजे मान खाली घालावी, असं तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं. तिला कुणी काहीच शिकवलं नव्हतं.

डोक्यावरचा पंखा एकदम कुरकुरला आणि फिरू लागला. लाइट आली होती. कोंबडा टेबलाखाली सरकला. शेतांच्या पलीकडून, नदीवरून, घंटा ऐकू यायला लागली.

मालुबाईनं टेबलावरची तार उचलली, भरमूची खुंटी करगोट्याच्या दोऱ्यासकट आप्पांच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाली, "तारंचा काय संबंध न्हाय म्हणता न्हवं आप्पा, मग ही खुंटी तुमच्या कमरेला बांधा, मी ही तार होती तिथं परत जोडते, तुमी खाली उतरून कपलिंगवर हात ठिवा, आन् बावीस दिवस ज्यानं मोटर धरून ठेवली, तो तुमच्यासाठी धरतोय का न्हाय, ते पुढची घंटा थांबली की आपल्या दोघांनाबी कळंल."